आघात, चिंता आणि उपचार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान ज्यांना स्वतःला त्रास होतोय त्यांच्यासाठी आहे आणि ज्यांच्या घरात असं कुणी आहे त्यांच्यासाठीही. वाचून स्वतःचं निदान करू नका. डॉक्टरांकडे जाताना काय सांगायचं, काय विचारायचं, हे ठरवायला मात्र त्याचा उपयोग होईल. जीव संपवण्याचे विचार येत असतील तर पुढचं वाचायला थांबू नका. जवळच्या एका माणसाला आत्ता, स्पष्ट शब्दांत सांगा, एकटे राहू नका आणि तुमच्या भागातल्या आपत्कालीन सेवेला किंवा मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन करा. बाकीचं नंतर वाचता येईल.

मानसिक आघात नेमका कशाला म्हणायचं?

निदानासाठी तज्ज्ञ जी व्याख्या वापरतात ती बरीच अरुंद आहे: मृत्यू किंवा मृत्यूचं संकट, गंभीर दुखापत, लैंगिक हिंसा. हे स्वतःवर ओढवलेलं असेल, डोळ्यांदेखत घडलेलं असेल किंवा अगदी जवळच्या माणसावर अपघातात वा हिंसेत ओढवल्याचं कळलं असेल, तर ते व्याख्येत बसतं. रुग्णवाहिकेवर किंवा अग्निशमन दलात काम करणाऱ्यांना असे प्रसंग वारंवार हाताळावे लागतात, त्यांचाही यात समावेश आहे.

घटस्फोट, अपमान करून नोकरीवरून काढून टाकणं, वर्षानुवर्षं ऐकलेले टोमणे हे त्या व्याख्येत बसत नाही. म्हणून त्याचा त्रास खोटा ठरत नाही. त्यातून नैराश्य येऊ शकतं, चिंताविकार जडू शकतो आणि दोन्हींवर उपचार आहेत. ‘माझ्या बाबतीत तसं काही भयंकर घडलंच नाही’ असं म्हणत मदतीपासून लांब राहणारे खूप आहेत. मदत घ्यायला आधी भयंकर काहीतरी घडलेलं असावं, अशी अट कुणी घातलेली नाही.

हा आजार अलीकडेच निघालाय का? आमच्या आजी-आजोबांना कुठे होता?

होता, फक्त त्याला वेगवेगळी नावं होती. अमेरिकी यादवी युद्धातल्या सैनिकांची छाती धडधडते, श्वास लागतो, पण हृदयात दोष सापडत नाही, असं जेकब दा कोस्टा या डॉक्टरांनी 1871 मध्ये नोंदवलं. पहिल्या महायुद्धात, 1915 मध्ये, चार्ल्स मायर्स यांनी ‘शेल शॉक’ या नावाने तशाच रुग्णांबद्दल लिहिलं. त्या युद्धात पळपुटेपणा आणि भेकडपणा यांसारख्या आरोपांखाली ब्रिटिश सैन्याने स्वतःच्याच सैनिकांना गोळ्या घातल्या. त्यांतल्या 306 जणांना 2006 साली मरणोत्तर माफी मिळाली. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानसूचीत पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर, म्हणजे पीटीएसडी, हे नाव 1980 साली आलं. तेव्हा नवीन काय, तर नाव आणि उपचार.

संकट तर प्रत्येकावर येतं. मग सगळ्यांनाच पीटीएसडी का होत नाही?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या सुमारे 70 टक्के लोकांवर आयुष्यात कधी ना कधी आघाताचा प्रसंग येतो. त्यांतल्या साधारण 5.6 टक्क्यांनाच पीटीएसडी होतो. प्रमाण प्रसंगानुसार बदलतं. नैसर्गिक आपत्तीपेक्षा माणसाने मुद्दाम केलेल्या हिंसेनंतर, विशेषतः लैंगिक हिंसेनंतर, ते बरंच जास्त असतं. आधीचे आघात आणि आधीचा मानसिक त्रासही भर घालतात.

घटनेनंतर आजूबाजूचे लोक कसे वागले, यालाही फार महत्त्व असतं. ज्याच्यावर विश्वास ठेवला गेला, ज्याला आधार मिळाला, त्याची सावरण्याची शक्यता वाढते. ‘तू तिथे गेलीसच कशाला?’ हा प्रश्न मूळ घटनेइतकाच खोल रुतू शकतो. मनाचा कणखरपणा आपण उगाच फार मोठा मानतो, आणि शेजारच्यांच्या जिभेचा हिशोब कुणीच ठेवत नाही.

अपघात होऊन दोन आठवडे झाले. झोप नाही, सारखं तेच दिसतं, दचकायला होतं. हा पीटीएसडीच का?

अजून नाही. पहिल्या काही आठवड्यांत असं होणं बहुतेकांच्या बाबतीत नैसर्गिक आहे आणि बहुतेकांचं ते आपोआप ओसरत जातं. पीटीएसडीचं निदान लक्षणं एक महिन्याहून जास्त टिकली तरच करतात. पहिल्या महिन्यातला त्रास फारच तीव्र असेल तर त्याला तीव्र ताणविकार असं वेगळं नाव आहे आणि त्यावर महिना पुरा होण्याची वाट न पाहता उपचार सुरू करता येतात.

या काळात काय करावं? सुरक्षित जागी राहावं, ओळखीच्या माणसांत असावं, रोजचे व्यवहार जमतील तेवढे चालू ठेवावेत. बोलावंसं वाटलं तर बोलावं, नाही वाटलं तर कुणी खोदून विचारू नये. ‘सगळं एकदा बोलून टाक, मोकळं वाटेल’ हा सल्ला सर्रास दिला जातो. एके काळी आपत्तीनंतर लगेच लोकांना एकत्र बसवून सगळं सविस्तर वदवून घेण्याची पद्धत रूढ होती. ब्रिटनमध्ये रस्ते-अपघातातल्या जखमींवर तिची चाचणी झाली आणि तीन वर्षांनंतरचे निष्कर्ष 2000 साली छापून आले. सुरुवातीला ज्यांचा त्रास जास्त होता, त्यांच्यातल्या ज्यांना असं एकदाच बसवून बोलतं केलं होतं, त्यांची अवस्था ज्यांना काहीच केलं नव्हतं त्यांच्यापेक्षा वाईट होती. म्हणून आता त्याऐवजी आधी सुरक्षितता, माहिती आणि आपली माणसं यांवर भर देतात.

महिन्यानंतर कोणती लक्षणं पाहायची?

चार गट आहेत. पहिला: घटना नको असताना परत येते. दुःस्वप्नं पडतात, दृश्यं डोळ्यांसमोर येतात, कधी फ्लॅशबॅक येतो, म्हणजे ते आत्ताच घडतंय असं काही क्षण खरोखर वाटतं. दुसरा: आठवण करून देणारी जागा, माणसं, विषय टाळले जातात. तिसरा: विचार आणि भावना बदलतात. ‘चूक माझीच’, ‘कुणाचाच भरवसा नाही’ असं घट्ट बसतं, प्रेम-आनंद जाणवेनासा होतो. चौथा: शरीर सतत पहाऱ्यावर असतं. झोप तुटक, राग नाकाच्या शेंड्यावर, हॉटेलात पाठ भिंतीला आणि नजर दाराकडे. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, पण इथे पाण्याचा ग्लाससुद्धा फुंकला जातो.

हे सगळं एकाच माणसात दिसेल असं नाही. काहींमध्ये लक्षणं सहा महिन्यांनी, कधी आणखी उशिरा पूर्ण रूप घेतात.

मी तेव्हा ओरडले नाही, पळाले नाही. नुसती पडून राहिले. असं का केलं मी?

तुम्ही काही ‘केलं’ नाही. टोकाच्या धोक्यात शरीर ताठ होऊन गोठतं, आवाज निघत नाही, हात-पाय हलत नाहीत. प्राण्यांमध्येही हे दिसतं आणि ते इच्छेने थांबवता येत नाही. स्टॉकहोममधल्या एका आपत्कालीन केंद्रात बलात्कारानंतर आलेल्या 298 स्त्रियांचा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या 70 टक्के जणींनी अत्याचाराच्या वेळी शरीर लक्षणीय गोठल्याचं सांगितलं. याच गोठण्याचा नंतरच्या पीटीएसडीशी संबंधही दिसला. थेरपीत या अपराधभावावर बराच वेळ द्यावा लागतो, आणि तो द्यायलाच हवा. ‘विरोध का केला नाही’ हे विचारणाऱ्यांना हा परिच्छेद खुशाल दाखवा.

काळजी तर सगळ्यांनाच वाटते. विकार कधी म्हणायचा?

काळजी परिस्थितीच्या मानाने फारच मोठी असेल, महिनोन्‌महिने हटत नसेल आणि तिच्यापायी काम, झोप, नाती बिघडत असतील तेव्हा. सर्वसाधारण चिंताविकारात रोजच्या साध्या गोष्टींची काळजी बहुतेक दिवस, निदान सहा महिने चालू असते, आणि तिच्यासोबत स्नायूंचा ताण, थकवा, चिडचिड, झोप न लागणं येतं. याशिवाय लोकांसमोर जाण्याची भीती, पॅनिक विकार (अचानक येणारे तीव्र भीतीचे झटके), गर्दीची किंवा बाहेर पडण्याची भीती, उंची किंवा इंजेक्शन यांसारख्या एकेका गोष्टीची भीती असे प्रकार आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार 2019 साली जगात 30 कोटी 10 लाख लोकांना चिंताविकार होता. उपचार मात्र चारांतल्या जेमतेम एकाला मिळतात.

दवाखान्यात कदाचित सात प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली भरायला देतील. जीएडी-7 असं तिचं नाव, गुण 0 ते 21. 10 किंवा जास्त आले तर नीट तपासणी करावी, एवढाच तिचा अर्थ. तो निकाल नव्हे.

चिंता म्हणून आलेल्या माणसाची थायरॉइडची चाचणी झालेली नसेल तर ती करून घ्यावी. थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करत असेल तर धडधड, घाम, थरथर, बेचैनी सगळं हुबेहूब तसंच होतं. दम्याचे काही इन्हेलर, स्टेरॉइड आणि अति चहा-कॉफी यांनीही होतं.

पॅनिक अटॅक आणि हार्ट अटॅक यांतला फरक कसा ओळखायचा?

घरी बसून खात्रीने ओळखता येत नाही. छातीत दुखण्याची पहिलीच वेळ असेल, वय जास्त असेल, मधुमेह किंवा रक्तदाब असेल, चालताना-चढताना दुखत असेल, कळ हातात किंवा जबड्यात जात असेल, तर ‘टेन्शनच असेल’ असं म्हणून थांबू नका. आधी ईसीजी.

हृदय ठीक आहे हे कळल्यानंतरही असे झटके येत राहिले, तर त्यांच्यात काय घडतं ते नीट समजून घेण्यासारखं आहे. समजा, तुम्ही रांगेत उभे आहात. उकडतंय, रात्रीची झोप अपुरी आहे, आणि हृदयाचा एक ठोका जरा जोरात पडतो. इतर कुणी तो लक्षातही घेणार नाही. तुमचं लक्ष मात्र तिकडे जातं: ‘हे काय झालं?’ त्या विचाराने अ‍ॅड्रिनलिन सुटतं, धडधड वाढते. श्वास भराभर व्हायला लागतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. आता तर ‘मी मरतोय’ याचा जणू पुरावाच मिळतो. भीती आणखी वाढते. डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने 1986 मध्ये हे चक्र मांडलं: शरीराच्या निरुपद्रवी संवेदनेचा भयंकर अर्थ लावला जातो आणि तो अर्थच संवेदना वाढवतो. झटका काही मिनिटांत शिखराला पोचतो आणि मग उतरतो. तुम्ही काहीही केलं नाही तरी उतरतो.

शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. बहुतेक लोक त्या क्षणी रांग सोडून बाहेर येतात, पाणी पितात, गोळी जिभेखाली ठेवतात, आणि झटका उतरला की त्याचं श्रेय त्या कृतीला देतात. पुढच्या वेळी रांगेत उभंच राहत नाहीत. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना सल्लाही सोडून द्या. त्रास खरंच दम्याचा किंवा हृदयाचा निघाला तर ते धोक्याचं ठरेल.

टाळलं की बरं वाटतं. मग टाळण्यात वाईट काय?

या पानावरचं एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा.

टाळल्याने बरं वाटतं हे खरंच आहे, आणि अडचण नेमकी तिथेच आहे. सुटका झाल्याचं बक्षीस लगेच मिळतं, म्हणून मेंदू तीच गोष्ट पुन्हा करायला शिकतो. पण ती जागा, तो आवाज, ती आठवण आता सुरक्षित आहे हे कळण्याची संधी त्याला मिळतच नाही. म्हणून भीती पहिल्या दिवसासारखीच ताजी राहते आणि टाळायच्या गोष्टींची यादी वाढत जाते. अपघात चौकात झाला म्हणून आधी तो चौक सुटतो, मग तो रस्ता, मग गाडी चालवणं, मग मागे बसणं, आणि शेवटी संध्याकाळनंतर घराबाहेर पडणंच.

यावरचा उपाय शंभर वर्षांपूर्वीच सापडला होता. 1924 मध्ये मेरी कव्हर जोन्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी पीटर नावाच्या, जेमतेम तीन वर्षांच्या मुलाची सशाची भीती घालवली. पीटर आवडीचं काही खात असताना ससा पिंजऱ्यात खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवायचा, मग दर वेळी जरा जवळ, मग पिंजऱ्याबाहेर. शेवटी पीटर त्याला हाताने कुरवाळू लागला. आजची एक्स्पोजर थेरपी याच वाटेने जाते, फक्त तिची आखणी बरीच काटेकोर झाली आहे.

अपघातानंतर स्कूटर सोडून दिलेल्या माणसाची यादी थेरपिस्टबरोबर बसून अशी तयार होते. 0 ते 100 मध्ये भीती किती, ते प्रत्येकापुढे लिहायचं. बंद स्कूटरवर अंगणात बसणं: 25. इंजिन सुरू करून पाच मिनिटं बसून राहणं: 40. गल्लीत सकाळी एक फेरी: 50. मोठ्या रस्त्यावर, मित्र मागे बसलेला: 65. एकट्याने: 80. त्या चौकातून, रहदारीच्या वेळी: 95. पहिली पायरी सोपी होईपर्यंत दुसरी चढायची नाही असा काही नियम नाही, पण मधेच पळ काढायचा नाही. ‘ब्रेक लागणार नाही’ असं मनाला वाटत होतं, प्रत्यक्षात काय झालं, हे प्रत्येक फेरीनंतर लिहायचं. आणि गुपचूप केलेला बचावही मोजायचा. दोन्ही हात ब्रेकवर आवळून ताशी दहाच्या वेगाने चौक ओलांडला, तर मन त्या आवळलेल्या हातांनाच श्रेय देतं.

इथे एक फरक नीट लक्षात ठेवा. हे सगळं आता संपलेल्या धोक्याबद्दल आहे. मारहाण करणारा माणूस अजून त्याच घरात असेल तर ती भीती योग्यच आहे आणि तिच्यावर एक्स्पोजर करायचं नसतं. तिथे आधी तिथून सुरक्षित बाहेर पडणं हाच उपचार.

थेरपी म्हणजे नुसत्या गप्पाच ना? त्यात करतात काय?

चांगल्या थेरपीत गप्पा कमी आणि काम जास्त असतं. कॉग्निटिव्ह बिहेव्हियर थेरपी, म्हणजे सीबीटी, 1960 च्या दशकात अ‍ॅरन बेक यांच्या कामातून उभी राहिली. तिच्यात विचार, शरीर आणि वागणं यांची साखळी कागदावर मांडतात, विचार पुराव्यावर तपासतात आणि घरी करायला गृहपाठ देतात.

आघातासाठीचे खास प्रकार तिच्यातूनच निघाले. एडना फोआ यांच्या प्रोलाँग्ड एक्स्पोजरमध्ये डोळे मिटून घटना वर्तमानकाळात सांगायची असते, त्याचं ध्वनिमुद्रण करतात आणि ते घरी रोज ऐकायचं असतं. पॅट्रिशिया रेसिक यांच्या कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपीत भर घटनेनंतर मनात अडकून बसलेल्या वाक्यांवर असतो. ‘मी पाच मिनिटं आधी निघालो असतो तर ती वाचली असती’ हे वाक्य घेऊन थेरपिस्ट विचारतो: त्या वेळी तुम्हाला काय माहीत होतं? आज माहीत असलेलं तेव्हाच्या स्वतःवर लादताय का? पाच मिनिटं आधी निघाल्यावर नक्की काय झालं असतं, हे तुम्हाला कुठून कळलं? हे समजूत घालणं नव्हे. उत्तरं तुम्हीच द्यायची असतात, आणि ती द्यायला कधी तीन-तीन सत्रं लागतात.

ईएमडीआर ही पद्धत फ्रान्सिन शापिरो यांनी 1980 च्या दशकाच्या शेवटी मांडली. आठवण मनात धरून थेरपिस्टच्या बोटाबरोबर नजर डावी-उजवीकडे न्यायची असते. तिचा उपयोग होतो याचे पुरावे चांगले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने 2013 च्या मार्गदर्शक सूचनांत आघातकेंद्री सीबीटीबरोबर तिचीही शिफारस केली. डोळ्यांच्या हालचालीनेच फरक पडतो की आठवणीला सामोरं जाण्याने, यावर संशोधकांत अजून वाद आहे. मला स्वतःला दुसरं कारण जास्त पटतं, पण रुग्णाला बरं वाटत असेल तर या वादाने त्याचं काही अडत नाही.

सगळं पुन्हा सांगावं लागेल या भीतीनेच मी जात नाहीये.

पहिल्याच दिवशी सांगावं लागत नाही. आधी ओळख, लक्षणांची माहिती आणि शांत होण्याची एखाद-दोन तंत्रं होतात. कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी तर घटनेचा तपशील न सांगताही करता येते, ईएमडीआरमध्येही फार बोलावं लागत नाही. तुम्ही ‘आज नको’ म्हणू शकता आणि चांगला थेरपिस्ट थांबतो. मात्र सहा महिने दर आठवड्याला भेटूनही विषय एकदाही निघालेला नसेल, तर थेरपीसुद्धा टाळण्याचाच एक प्रकार होऊन बसली आहे का, हे दोघांनी मोकळेपणाने बोलावं.

‘संमोहनाने दडपलेल्या आठवणी बाहेर काढून देतो’ म्हणणाऱ्यांपासून मात्र लांब राहा. सूचनांमधून न घडलेल्या प्रसंगांच्याही आठवणी तयार होऊ शकतात, हे मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांच्या प्रयोगांनी 1990 च्या दशकातच दाखवून दिलं आहे.

औषधं घ्यावी लागतील का? सवय लागेल का?

सगळ्यांनाच लागत नाहीत. पीटीएसडीत आघातकेंद्री थेरपीला पहिलं स्थान देतात. थेरपी उपलब्ध नसेल, नको असेल किंवा सोबत तीव्र नैराश्य असेल तर औषधांचा आधार मोठा असतो. बहुधा एसएसआरआय या नावाच्या, नैराश्यावरही वापरल्या जाणाऱ्या गटातली औषधं दिली जातात. त्यांतल्या सर्ट्रालिन आणि पॅरोक्सेटिन या दोघांना अमेरिकेच्या औषध प्रशासनाची पीटीएसडीसाठी खास मान्यता आहे. चिंताविकारांतही हाच गट आधी वापरतात.

या गोळ्यांचा परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे जातात आणि पहिल्या आठवड्यात मळमळ, बेचैनी वाढू शकते. हे आधी न सांगितल्याने कितीतरी जण पाचव्या दिवशीच गोळ्या बंद करतात. पंचविशीच्या आतल्या रुग्णांवर सुरुवातीचे काही आठवडे जास्त लक्ष ठेवावं लागतं, कारण त्या वयात काहींमध्ये आत्महत्येचे विचार वाढू शकतात. बरं वाटायला लागल्यावरही सहसा सहा महिने ते वर्षभर औषध चालू ठेवतात. नशेच्या अर्थाने त्यांची सवय लागत नाही, पण एकदम बंद केल्यास चक्कर, चिडचिड, विजेचे झटके बसल्यासारखं वाटणं असे त्रास होतात. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्यानेच हळूहळू कमी करायच्या.

सवय लागते ती अल्प्राझोलाम, लोराझेपाम, क्लोनाझेपाम या गटातल्या गोळ्यांची. त्या अर्ध्या-एक तासात शांत करतात, म्हणूनच लोकप्रिय आहेत. आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात ताणाच्या लक्षणांसाठी त्या देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. जुनी चिठ्ठी दाखवून वर्षानुवर्षं त्या घेत असाल तर स्वतःहून अचानक थांबवू नका, फिट येऊ शकते. कमी कशा करायच्या ते डॉक्टरांना विचारा.

ध्यान, श्वासाचे व्यायाम, योग यांनी भागेल का?

सौम्य त्रासात बऱ्याच अंशी. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत चिंताविकाराच्या 276 रुग्णांपैकी काहींना आठ आठवड्यांचं माइंडफुलनेसचं, म्हणजे लक्ष आत्ताच्या क्षणावर ठेवण्याचं, प्रशिक्षण दिलं आणि बाकीच्यांना एस्सिटालोप्राम हे औषध. दोन्हींचा परिणाम जवळपास सारखा निघाला. त्या लोकांनी रोज पाऊण तास सराव करायचा होता, हे मात्र सांगायचं राहून जातं. आघात झालेल्यांना डोळे मिटून शांत बसल्यावर उलट दृश्यं जास्त दिसू शकतात. तसं झालं तर डोळे उघडे ठेवा, चालता-चालता करा किंवा थांबा.

फ्लॅशबॅक आला की ‘आत्ता, इथे’ परत यायला मदत हवी असते. पाय जमिनीवर घट्ट दाबा, समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने म्हणा, आजची तारीख आणि तुम्ही कुठे आहात ते म्हणा. यातली तारीखच सगळ्यात कामाची ठरते.

तीच दुःस्वप्नं वारंवार पडतात.

त्यावर एक साधं तंत्र आहे. दिवसा, जागेपणी, ते स्वप्न लिहून काढायचं, त्यातला कुठलाही भाग तुम्हाला हवा तसा बदलायचा आणि बदललेली आवृत्ती रोज दहा-वीस मिनिटं मनात घोळवायची. थेरपिस्टच्या मदतीने केलं तर उत्तम. प्राझोसिन नावाचं औषधही दुःस्वप्नांसाठी देतात. 2018 च्या एका मोठ्या चाचणीत ते प्लासिबोपेक्षा, म्हणजे तुलनेसाठी दिलेल्या औषध नसलेल्या गोळीपेक्षा, सरस ठरलं नाही, तरी काही रुग्णांना त्याने फरक पडतो असं अनेक डॉक्टरांचा अनुभव सांगतो.

दारू घेतली की झोप लागते.

लागते, आणि पहाटे तीनला मोडते. दारूने झोपेचा दुसरा अर्धा भाग बिघडतो, दुसऱ्या दिवशीची चिंता वाढते आणि थेरपीत जे शिकायचं ते रुजत नाही. किती घेता ते डॉक्टरांना खरं सांगा. रोजची मोठी मात्रा असेल तर एकदम सोडणंही धोक्याचं असतं.

मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक: जायचं कुणाकडे?

मनोविकारतज्ज्ञ हे वैद्यकीय डॉक्टर, ते औषधं लिहू शकतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या आणि थेरपी करतात. समुपदेशकांचं प्रशिक्षण फार कमी-जास्त असतं, म्हणून विचारून घ्यावं. जीव नकोसा वाटत असेल, भास होत असतील, खाणं-झोप पूर्ण कोलमडली असेल तर आधी मनोविकारतज्ज्ञांकडे. नाहीतर ओळखीच्या फॅमिली डॉक्टरांपासून सुरुवात केली तरी चालेल.

पहिल्याच भेटीत विचारा: आघातावर काम करण्याचं प्रशिक्षण कुठे घेतलं? कोणती पद्धत वापरता? सुधारणा होतेय हे कसं मोजणार? प्रश्न विचारल्याचा राग येणारा थेरपिस्ट सोडून द्या. सत्राबाहेर वैयक्तिक संबंध वाढवणारा, गुप्तता मोडणारा, शंभर टक्के हमी देणारा, यांनाही. पहिल्या माणसाशी सूर जुळला नाही तर दुसरा शोधण्यात गैर काहीच नाही.

लहानपणी घडलेलं आता उकरून काय उपयोग?

व्हिन्सेंट फेलिट्टी आणि रॉबर्ट अ‍ॅंडा यांनी 1998 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लहानपणीचा छळ, घरातली हिंसा यांसारख्या अनुभवांचे प्रकार जितके जास्त, तितका मोठेपणी नैराश्य, व्यसन आणि हृदयविकाराचाही धोका जास्त, असं दिसलं. धोका म्हणजे विधिलिखित नव्हे. तो आकडा एकट्या माणसाचं भविष्य सांगत नाही.

दीर्घकाळ चाललेल्या, सुटका नसलेल्या छळानंतर नेहमीच्या लक्षणांबरोबर भावना न आवरणं, स्वतःबद्दल खोल घृणा आणि कुणाशीही जवळीक न जमणं दिसतं. 2022 पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणात याला कॉम्प्लेक्स पीटीएसडी असं स्वतंत्र निदान मिळालं. उपचार जास्त काळ चालतात, पण होतात. साठी ओलांडलेल्यांनाही त्यांचा फायदा होतो.

मुलांमध्ये हे कसं दिसतं?

मूल सांगत नाही, खेळतं. तोच अपघात गाड्या आपटून पुन्हा पुन्हा, आनंद नसलेल्या चेहऱ्याने. मोठं मूल पुन्हा अंथरूण ओलं करू लागतं, चिकटून राहतं, पोटदुखीची तक्रार करतं. किशोरवयात राग आणि बेफिकिरी दिसते. खरं ते, त्यांना झेपेल एवढं सांगा. दिनक्रम शक्य तितका तसाच ठेवा. महिनाभरात फरक नसेल तर मुलांसोबत काम करणाऱ्या तज्ज्ञांना दाखवा.

माझ्या नवऱ्याला हा त्रास आहे. मी काय बोलू?

कमी बोला. ‘विसरून जा’, ‘लोकांना याहून वाईट भोगावं लागतं’, ‘सकारात्मक विचार कर’ ही तीन वाक्यं तर अजिबात नकोत. ‘मी इथेच आहे’, ‘आत्ता काय केलं तर बरं वाटेल?’ एवढं पुरतं. फ्लॅशबॅक चालू असताना मागून येऊन हात लावू नका. समोरून, नावाने, शांत आवाजात बोला.

प्रेमापोटी घरचे त्याच्या वतीने टाळायला लागतात. बाजार तुम्ही करता, फोन तुम्ही घेता, लग्नसमारंभाला तुम्ही एकट्याच जाता. हे हळूहळू परत त्याच्याकडे द्यायचं असतं, आणि ते कसं द्यायचं हे ठरवायला त्याच्या परवानगीने एखाद्या सत्राला तुम्हीही बसा. त्रास आहे म्हणून हात उगारणं किंवा धमकावणं मात्र सहन करायचं नसतं. तुमची सुरक्षितता त्याच्या उपचारांची वाट पाहत थांबू शकत नाही.

किती दिवसांत बरं वाटेल? आणि पुन्हा झालं तर?

एका प्रसंगाच्या आघातासाठी आघातकेंद्री थेरपी साधारण 8 ते 16 सत्रांची असते. पहिल्या काही आठवड्यांत, विषयाला हात घातल्यावर, त्रास थोडा वाढल्यासारखा वाटू शकतो. सोडून जाणारे नेमके तेव्हाच जातात. बऱ्याच जणांचं निदान उपचारांनंतर उरत नाही. काहींची लक्षणं कमी होतात पण राहतात, तेव्हा पद्धत बदलून पाहतात किंवा औषध जोडतात.

घटनेची तारीख, कोर्टाची सुनावणी, तसाच दुसरा अपघात पाहणं, अशा वेळी जुनी लक्षणं डोकं वर काढतात. ती आठवड्याभरात ओसरली तर ठीक. टाळायच्या गोष्टींची यादी पुन्हा वाढतेय असं दिसलं तर जुन्या थेरपिस्टला फोन करा. पहिल्यापासून सगळं करावं लागतंच असं नाही, बहुतेकदा दोन-तीन सत्रांत काम होतं.